दूध काढणी यंत्र: मोटर नंतर बघा, आधी ठोके मोजा

ढकलगाडीवरचं, एका बादलीचं यंत्र. पलूस-तासगावकडच्या आठ-दहा गाईंच्या गोठ्याला पुरेल एवढं. मोटर ठीक, बादली चांगल्या स्टीलची. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

सोबतच्या पुस्तिकेत मात्र ‘ठणकणारा व्हॅक्यूम’ असं छापलंय. ठणकतो दात, नाहीतर दगडी (कासेची सूज) झालेली कास! शब्द हवा होता ‘स्पंदनशील’, म्हणजे ठरावीक लयीत कमी-जास्त होणारा. गोठ्यात त्याला नुसतं ‘ठोका’ म्हणतात, तेच बरं. शिवाय बादलीतला व्हॅक्यूम स्पंदत नाहीच, तो स्थिर लागतो. स्पंदतो तो सडाला लावायचा कप आणि आतला रबरी लायनर (अस्तर) यांच्या मधल्या जागेतला. पल्सेटर, म्हणजे ठोका देणारा भाग, तिथली हवा ओढतो तेव्हा लायनर उघडून दूध येतं. हवा आत सोडली की लायनर मिटतो, सड चेपला जातो आणि टोकाला साचलेलं रक्त माघारी फिरतं. ही उसंत मिळाली नाही तर सडाचं टोक कडक होतं आणि दगडीला वाट मोकळी.

इथे ठोका मिनिटाला 60, ओढ आणि उसंत 60:40, व्हॅक्यूमचा काटा 42 ते 45 किलोपास्कलवर. गाईला योग्य. म्हशीबद्दल पुस्तिकेत चकार शब्द नाही, ही मोठी उणीव. म्हैस पान्हा सावकाश सोडते, त्यामुळे आधी कास धुऊन-पुसून, चोळून पान्हा येऊ द्यावा आणि मगच कप लावावेत. दूध येत नाही म्हणून काटा वाढवला की सडच सोलवटतात.

रोज कप लावण्याआधी मिनिटभर टकटक मोजा. मग तीन कप बंद ठेवून चौथ्यात अंगठा घाला, चेपणं स्पष्ट जाणवलं पाहिजे. ठोके 50 वर आले तर लगेच स्क्रू पिळू नका. आधी पल्सेटरचं हवेचं भोक बघा, कडबाकुट्टीची धूळ तिथेच बसते. आत तेल-ग्रीस तर मुळीच नको, धूळ चिकटून झडप अडकते.

‘लायनर फाटेपर्यंत चालतो’ हे विक्रेत्याचं म्हणणं मनावर घेऊ नका. फाटण्याच्या बऱ्याच आधी रबर सैल पडतं आणि ठोका ऐकू आला तरी सड नीट चेपला जात नाही. साधारण 2500 वेळा वापरला की बदलायचा. 8 गाई, दोन वेळची धार, म्हणजे दिवसाला 16 वेळा. हिशेब पाच महिन्यांवर येतो.

कप काढताना आधी व्हॅक्यूम बंद करायचा, ओढून काढायचे नाहीत. या यंत्राची बंद करायची कळ हाताशी आहे, हे आवडलं. लायनरचा जादा संच मात्र सोबत देत नाहीत. तो आणि पल्सेटरचे पडदे मिरजेत तयार मिळतात का, हे पैसे मोजण्याआधीच विचारा.