शब्दकोश ॲपमधला ‘अव्हॉइडन्स’ : पाचपैकी तीन तारे

सांगलीत मी कर सल्लागार आहे. आयकर खात्याचं इंग्रजी पत्र पक्षकाराला मराठीत समजावून सांगणं हे रोजचंच काम, म्हणून दोन वर्षांपासून हे इंग्रजी-मराठी शब्दकोश ॲप वापरतोय. नेटशिवाय चालतं, अक्षर मोठं करता येतं, उच्चार स्पष्ट आहे.

पण त्यात ‘अव्हॉइडन्स’ शोधा. ‘टाळाटाळ, चुकवेगिरी’ एवढंच येतं. ‘इव्हेजन’ शोधलं तरी हेच दोन शब्द!

माझ्या सांगण्यावरून हळदीच्या एका व्यापाऱ्यांनीही ॲप घेतलं. त्यांचा मुलगा जर्मनीतली नोकरी सोडून परत आला होता. तिथल्या पगारावर तिथे भरलेला कर इथल्या करातून वजा व्हावा म्हणून मी फॉर्म ६७ भरत होतो. कागदांत ‘डबल टॅक्सेशन अव्हॉइडन्स’ कराराचा उल्लेख होता. रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला, “साहेब, आपण दोनदा कर चुकवतोय का? पोराला आत टाकतील.” आवाज थरथरत होता. एकाच कमाईवर दोन्ही देशांनी कर घेऊ नये, एवढ्यासाठीच तो करार असतो, हे त्यांना पटवायला अर्धा तास लागला.

इव्हेजन म्हणजे उत्पन्न लपवणं, खोटी बिलं लावणं. १९६१च्या कायद्यात कलम २७६सी खाली त्याला तुरुंगवास आहे. अव्हॉइडन्स म्हणजे कायद्यात राहून कर टाळणं. तेही दर वेळी खपतं असं नाही. १ एप्रिल २०१७पासून लागू झालेल्या ‘गार’ (जनरल अँटी-अव्हॉइडन्स रूल्स) नियमांच्या नावातच हा शब्द आहे. करलाभ हाच मुख्य हेतू आणि व्यवहारात व्यापारी दम नाही, असं दिसलं तर खातं तो लाभ नाकारतं. तरी लाभ नाकारणं वेगळं आणि चोर ठरवणं वेगळं.

तिसरा अर्थ तर ॲपमध्ये नाहीच. या शब्दाच्या पोटात ‘व्हॉइड’ आहे, म्हणजे रिकामं, निरर्थक. म्हणून व्यवहार रद्दबातल ठरवणं हेही अव्हॉइडन्सच. २०१६च्या दिवाळखोरी संहितेच्या खटल्यांत ‘अव्हॉइडन्स’ अर्ज येतात ते याच अर्थाने. तिथे ‘चुकवेगिरी’ घालून वाचलं तर वाक्य उलटंच होतं.

‘टाळणे, कायद्यात : रद्दबातल ठरवणे’ अशी दुरुस्ती मी ॲपवाल्यांना तीनदा पाठवली. अजून झालेली नाही. तोवर खात्याचा कागद समोर असताना हे ॲप उघडू नका.