चक जोन्सची सही की मिल्ट कालची रेघ?

कार्टूनपटाचं अस्सल चित्र विकत घ्यायचं म्हटलं की आपली गाडी पात्रावरून सुरू होते. बग्ज बनी हवा, शेर खान हवा, योगी बेअर हवा. पात्र आवडीचंच घ्या, पण पैसे मोजण्याआधी समोरच्या कागदावर किंवा सेलवर (म्हणजे पात्र रंगवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर) नेमका हात कोणाचा आहे ते विचारा. एका सेलमागे चार-पाच जण राबलेले असतात, आणि सही बऱ्याचदा त्यातल्या कुंचला न धरलेल्या माणसाची असते.

चक जोन्स यांचंच उदाहरण घ्या. बाजारात हे नाव सगळ्यात आधी भेटतं. वॉर्नर ब्रदर्समध्ये ते दिग्दर्शक होते. मुख्य पोझेस ते स्वतः पेन्सिलीने काढून द्यायचे, मधल्या हालचाली केन हॅरिस, बेन वॉशम यांसारखे ॲनिमेटर करायचे. १९५७च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’मधले ते भव्य, तिरपे देखावे मॉरिस नोबल यांच्या डोक्यातून आले आणि फिलिप डीगार्ड यांनी रंगवले. त्या काळातले वॉर्नरचे सेल आज दुर्मीळ आहेत, कारण स्टुडिओने बरेचसे नष्ट केले. म्हणून ‘जोन्सचा बग्ज’ म्हणून आज जे सहज मिळतं ते बहुतेक वेळा मर्यादित आवृत्तीतलं असतं. हा उद्योग त्यांच्या मुलीने, लिंडा जोन्स यांनी, १९७०च्या दशकाच्या अखेरीस उभा केला. जोन्स रेखाटन करायचे, स्टुडिओतले कलाकार ते सेलवर उतरवून हाताने रंगवायचे, मग जोन्स सही करायचे. मागची पार्श्वभूमी बहुधा छापील. म्हणजे हा सेल कॅमेऱ्याखाली कधी गेलेलाच नसतो. यात फसवणूक काही नाही, फक्त तो चित्रपटाचा तुकडा आहे असं समजून घेऊ नका. जोन्स २००२मध्ये गेले, त्यामुळे त्यानंतर निघालेल्या आवृत्तीवर त्यांची हातची सही असू शकत नाही.

प्रत्यक्ष वापरलेला सेल आणि जोन्सची सही, दोन्ही हवं असेल तर त्यांच्याच १९६६च्या ‘ग्रिंच’ या टीव्हीवरच्या कार्टूनपटाकडे वळा. त्याचे मूळ सेल बाजारात येतात आणि त्यातल्या अनेकांवर जोन्सनी नंतर सही केलेली आहे.

हॅना-बार्बेरा या टीव्ही कार्टूनवाल्या स्टुडिओचं थोडक्यात सांगतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांच्या सह्या असलेल्या आवृत्त्या भरपूर आहेत; पण योगी आणि फ्लिंटस्टोन मंडळींचं रूप एड बेनेडिक्टचं, स्कूबी-डू इवाओ ताकामोतोचा. टीव्हीचं बजेट तुटपुंजं, म्हणून धड एका सेलवर स्थिर ठेवून डोकं दुसऱ्या सेलवर हलवायचे. योगीच्या गळ्यातली कॉलर हा सांधा लपवायलाच आहे. फोटो नीट न बघता मागवलात तर नुसतं मुंडकं घरी यायचं!

आता डिस्ने. इथे वर्ष बघणं फार महत्त्वाचं. १९५९च्या ‘स्लीपिंग ब्युटी’पर्यंत ॲनिमेटरची पेन्सिल रेघ शाई विभागातल्या स्त्रिया सेलवर हाताने गिरवायच्या, त्याही रंगीत शाईने. त्यातली खलनायिका मॅलेफिसेंट ॲनिमेट केली मार्क डेव्हिसने, पण सेलवरची ती केसासारखी रेघ एका अनामिक बाईची. १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये झेरॉक्सचं तंत्र आलं आणि पेन्सिलीची रेघ थेट सेलवर उमटू लागली. त्यामुळे १९६७च्या ‘द जंगल बुक’मधल्या शेर खानचा जबडा जवळून पाहिला तर डिस्नेचा ॲनिमेटर मिल्ट काल याची खरखरीत, ठाम रेघ दिसते. जुने रसिक या रेघेला ओबडधोबड म्हणतात. मला तीच आवडते, कारण तिच्यात चित्र काढणारा माणूस दिसतो.

त्याहीपुढे जाऊन मी म्हणेन, सेल सोडा आणि ॲनिमेटरचं पेन्सिल रेखाटन घ्या. खाली तीन पेग होल्स (कागद खुंट्यांवर जागच्या जागी बसवायची भोकं), कोपऱ्यात आकडा, पुसून पुन्हा काढलेला पंजा. तेवढंच असतं आणि ते बहुतेक वेळा त्याच पात्राच्या सेलपेक्षा स्वस्त पडतं. फक्त ते मूळ रफ आहे की सहायकाने साफ केलेली प्रत, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. डिस्नेच्याच मेरी ब्लेअरची गॉश (अपारदर्शक जलरंग) चित्रं किंवा आयव्हिंड अर्लच्या पार्श्वभूमी मात्र आपल्यासारख्यांनी पुस्तकातच बघाव्यात.

‘सेरीसेल’ असा शब्द दिसला तर ते छापकाम आहे, प्रती हजारांत निघतात. ‘ब्युटी अँड द बीस्ट’ (१९९१) संगणकावर रंगवला गेला, त्यामुळे त्याचा ‘मूळ सेल’ कोणी विकत असेल तर हात जोडून पुढे जा.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी आणखी एक कारण पेन्सिलीच्या बाजूने. सेलचा रंग मागच्या बाजूला असतो आणि तो पाण्याने निघतो. जुन्या काळी सेल धुऊन पुन्हा वापरायचे ते त्यामुळेच. पावसाळ्यातल्या दमटपणात तो चिकट होतो, काचेला किंवा मागच्या कागदाला धरतो. सेल घेतलाच तर काच आणि सेल यांच्यात जागा सोडणारा माउंट करून घ्या, बाहेरच्या भिंतीवर टांगू नका आणि ओल्या फडक्याने चुकूनही पुसू नका. कागदाला बुरशीची भीती आहेच, पण आम्लरहित माउंट आणि कोरडं कपाट एवढ्यावर त्याचं भागतं.