बोअरची जमिनीखालची लाईन गळतेय: कंप्रेशन कपलर की हीटरचा जॉइंट?

आमच्या बोअरपासून टाकीपर्यंत काळा एचडीपीई (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) पाईप आहे, दोन फूट खोल पुरलेला. त्याचा कपलर, म्हणजे पाईपचे दोन तुकडे जोडणारा भाग, गळायला लागला आणि अंगणात सतत ओल. आधी एक गोष्ट सांगते, या पाईपला पीव्हीसीचं सोल्युशन किंवा एम-सील धरतच नाही, त्यात पैसे घालवू नका. खरे पर्याय दोनच.

हीटरचा जॉइंट म्हणजे पाईपची दोन्ही तोंडं साधारण २०० ते २२० डिग्रीच्या प्लेटवर वितळवून एकमेकांवर दाबायची. नीट झाला तर पाईपइतकाच मजबूत, रबर नाही की नट नाही. पण तोंडं एकदम कोरडी हवीत, आणि आमच्याकडे टाकीतलं पाणी उलटं झिरपत खड्ड्यात येत होतं, वर पाईप मागेपुढे सरकवायला बरीच लांब चर खणावी लागते, शिवाय मशीनवाला मिळायला हवा.

कंप्रेशन कपलर म्हणजे नट आवळला की आतली रबराची ओ-रिंग पाईपवर घट्ट दाबणारा जोड. त्याला पाईप थोडा ओला असला तरी चालतं. मी तोच लावला. पाईप सरळ कापा, कडा घासून उतरती करा, तोंड फडक्याने पुसा, कारण ओ-रिंगखाली वाळूचा एक कण राहिला तरी थेंब सुटतो. आमचा पहिल्यांदा तसाच सुटला, परत उघडून धुतला तेव्हा बसला.

नवीन लाईन टाकताना मी हीटरच निवडेन, पण पुरलेल्या लाईनच्या रिपेअरला कपलरच. आणि खड्डा लगेच बुजवू नका हां, दिवसभर मोटर चालू-बंद करून बघा.