अठ्ठावीस खणांची गोळ्यांची डबी आणि दिवसाच्या सहा वेळा

माझ्या यजमानांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन सात वर्षे झाली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी औषधे नागपूरहून लिहून येतात, पण त्यांच्या वेळा सांभाळण्याचे काम माझे. हालचाल सुरळीत ठेवणारी लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सकाळी 6, साडेनऊ, दुपारी 1, साडेचार आणि रात्री 8 वाजता. अमांटाडिन ही दुसरी गोळी सकाळी व दुपारी, कारण ती उशिरा दिली की झोप उडते. आणि निजताना सावकाश विरघळणारी गोळी, जी फोडायची नाही की चघळायची नाही. पूर्वी या साऱ्या पट्ट्या स्टीलच्या एका डब्यात असत. एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत मी वावरात असताना सुनेने एकची गोळी दिली आणि मी घरी आल्यावर, दिलेली नसेल असे समजून, पुन्हा दिली. त्या दुपारी त्यांचे अंग तासभर आपोआप वळवळत राहिले. त्यानंतर ही डबी मागवली.

डबी 280 रुपयांना पडली. गावापर्यंत ती आली नाही, तालुक्याच्या कुरियर कार्यालयातून आणावी लागली. आत सात सुट्या पट्ट्या असून प्रत्येकीला चार खण आहेत. त्यांवरची इंग्रजी अक्षरे घरात कुणाच्या कामाची नव्हती, म्हणून मी कागदाचे तुकडे चिकटवून त्यांवर घड्याळाची वेळ लिहिली. रविवारी रात्री आठवड्याच्या गोळ्या भरायच्या आणि गोळी दिली की झाकण उघडेच ठेवायचे, एवढा नियम आम्ही केला. आता सून असो वा मी, उघडा खण पाहिला की विचारावे लागत नाही. नागपूरला जाताना त्या दिवसाची पट्टी तेवढी काढून पिशवीत टाकता येते.

खरी अडचण चार खणांची आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हा हिशेब रक्तदाबाच्या गोळ्यांना पुरतो. लेव्होडोपाचा असर काही तासांतच उतरतो आणि अर्धा तास उशीर झाला तरी यांचे पाय उंबरठ्याशी खिळल्यासारखे होतात. त्यातच ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यावी लागते. पोटात तुरीचे वरण असले की त्यातली प्रथिने औषधाच्या शोषणात आडवी येतात. साडेनऊची गोळी म्हणूनच दहाच्या जेवणाला बांधलेली आहे, आणि ही बांधणी डबीला कळत नाही. शेवटी मी आणखी एक डबी घेतली, दोन पट्ट्या रबराने जोडून आठ खणांचा दिवस केला आणि त्यातले दोन रिकामे सोडले. वेळेची आठवण मात्र साध्या बटणांच्या मोबाइलचा गजरच करून देतो.

झाकणे फार घट्ट आहेत. थरथरत्या बोटांनी ती यांना उघडता येत नाहीत, आणि मी नखाने उचकटली की कधी गोळीच उसळून बाहेर पडते. अशी एक गोळी दुसऱ्या दिवशी झाडताना बाजेखाली सापडली. खण उघडा होता, म्हणजे नियमाप्रमाणे ती पोटात गेलेली होती! पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून कात्रीने कापलेला वेष्टनासकट तुकडा ठेवून पाहिला, तर खण आखूड पडतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा डबी खिडकीपासून दूर, मधल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवते आणि आठवड्यापेक्षा जास्त भरत नाही.

दिवसाला सहा खण आणि सैल झाकणे असलेली डबी मिळाली, तर मी लगेच बदलेन. या दोन्हींपैकी एक मग जाऊबाईंना देईन. त्यांना रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या तीनच वेळा घ्याव्या लागतात, आणि त्यांच्या बोटांत चांगला जोर आहे.