डिझेल जनरेटर की सौर-बॅटरी संच: तांड्याने काय घ्यावे?

किनवट-माहूरच्या डोंगरात, तारेची वीज न पोहोचलेला चाळीस उंबऱ्यांचा एखादा तांडा डोळ्यांसमोर आणू. घरटी दोन दिवे, एक पंखा आणि कुठेकुठे टीव्ही धरला, तर संध्याकाळचा भार सुमारे 5 किलोवॉट भरतो. एवढ्यासाठी विक्रेता हमखास 15 केव्हीएचा, म्हणजे सुमारे 12 किलोवॉट क्षमतेचा, जनरेटर सुचवतो, आणि निर्णय चुकतो तो इथेच.

चांगल्या भारावर जनरेटर लिटरमागे तीन ते साडेतीन युनिट वीज देतो. डिझेल 90 रुपये लिटर धरले, तर नुसते इंधनच युनिटमागे 26 ते 30 रुपयांना पडते. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर जेमतेम काही दिवे उरतात, तरीही इंजिन तासाला जवळपास लिटरभर डिझेल पितच राहते. अशा हलक्या भारावर ते पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते आणि काही महिन्यांत सायलेन्सरच्या सांध्यातून काळे, चिकट तेल ओघळू लागते. पुष्कळजण ते पाहून गॅस्केट बदलतात. मूळ दोष मात्र जनरेटरच्या आकाराचा असतो. डिझेलची पिंपे घाटातून वर चढवण्याचे भाडे आणि ऑइल-फिल्टरचा खर्च याखेरीज.

सौर संचात सगळा खर्च आधीच करावा लागतो. मराठवाड्यात एक किलोवॉटची पॅनेल निरभ्र दिवशी साधारण चार युनिट देतात, म्हणजे 10 किलोवॉटची पॅनेल आणि 40 ते 45 युनिटांची लिथियम बॅटरी लागेल. लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त असली, तरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते. उन्हाळ्यात पंखे रात्रभर चालतात. तेव्हा 75 वॉटच्या जुन्या पंख्यांऐवजी 30 वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घेणे हे बॅटरी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते. पॅनेलवरची धूळ धुवायला पाणी लागते, आणि टँकरवर जगणाऱ्या वस्तीत तेही मोजूनच वापरावे लागते. 2015 मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते, त्या मानाने ही गरज किरकोळच.

खरी अडचण पिठाच्या गिरणीची आणि श्रावणातल्या झडीची आहे. गिरणीची मोटर थेट सुरू केली, तर क्षणभर पाच-सहापट प्रवाह खेचते आणि इन्व्हर्टर बंद पडतो; तेव्हा सुरुवातीचा प्रवाह कमी ठेवणारा स्टार-डेल्टा स्टार्टर बसवून ती दुपारी अकरा ते तीन याच वेळेत चालवावी. सलग ढगाळ दिवसांसाठी 7.5 केव्हीएचा छोटा जनरेटर जोडीला ठेवावा आणि तो चालेल तेव्हा त्याच्यावर बॅटरीही भरून घ्यावी, म्हणजे इंजिनाला पुरेसा भार मिळतो. तारेची वीज वर्षभरात येणार असल्याचे लेखी हाती असेल, तरच केवळ जनरेटरवर, तोही भाड्याच्या, भागवावे.