वॉर्पची 'क्लासिक्स' की हायपरडबची 'फाइव्ह': एकच घ्यायची तर कुठली?

गणपतीच्या लेझीमवर आणि मिरवणुकीतल्या स्पीकरच्या 'चार बेस, चार टॉप'वर कान तयार झालेली सोलापूरची काही पोरं आता एफएल स्टुडिओ या संगणकावरच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये रिमिक्स करता करता इंग्लंडच्या स्वतंत्र लेबलांपर्यंत, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्यांपर्यंत, पोचली आहेत. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. लेबलची सगळी रेकॉर्डं धुंडाळणं जमत नाही, पैसेही मोजकेच आहेत, तर मागे वळून पाहणारं एकच संकलन घ्यायचं झालं तर कुठलं घ्यावं? माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे. एक म्हणजे वॉर्पचं १९९९ सालचं 'वॉर्प १०+२: क्लासिक्स ८९-९२', आणि दुसरं हायपरडबचं २००९ सालचं '५: फाइव्ह इयर्स ऑफ हायपरडब'. दोन्ही दोन-दोन डिस्कची आहेत. पण मागे बघण्याची दोघांची रीत अगदी वेगळी आहे, आणि निवड त्यावरच करायची.

वॉर्प सुरू झालं १९८९ साली, शेफील्डमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानातून. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. ऐंशीच्या दशकात तिथल्या कारखान्यांतून हजारो माणसं घरी बसली आणि शेड ओस पडल्या. लेबलची पहिली रेकॉर्ड फोर्जमास्टर्स या त्रिकुटाची होती, आणि त्यांनी नाव उचललं होतं गावातल्याच एका पोलाद कारखान्याचं. बेरोजगारांनी स्वतःचा धंदा काढावा म्हणून सरकार जो भत्ता द्यायचं, त्याच्या आधारावर त्या रेकॉर्डच्या ५०० प्रती निघाल्या. गिरण्यांचे भोंगे बंद झालेले ज्या गावाने पाहिले, त्या गावाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही.

'क्लासिक्स'ची सगळी ताकद तिच्या अरुंदपणात आहे. ती १९९२ला थांबते. ज्यांच्यामुळे आज जग वॉर्पला ओळखतं ते एफेक्स ट्विन, ऑटेकर, बोर्ड्स ऑफ कॅनडा यांच्यातलं कुणीही इथे नाही. दहाव्या वाढदिवसाच्या या संकलनात आपली सगळ्यात मोठी नावं बाजूला ठेवून पहिली चार वर्षं एवढीच मांडायची, याला हिंमत लागते. त्यामुळेच ही डिस्क नुसती गाणी गोळा करत नाही. शेफील्ड, लीड्स आणि आसपासच्या गावांतल्या थोड्या पोरांनी डेट्रॉइट-शिकागोचं संगीत (टेक्नो आणि हाउस) ऐकलं, कॅरिबियन वस्त्यांतल्या साउंड सिस्टिमचा, म्हणजे स्पीकरच्या भिंतींचा, बेस त्यात मिसळला आणि स्वतःचा आवाज काढला, हे त्यात घडताना ऐकू येतं. त्या आवाजाला पुढे 'ब्लीप' म्हणू लागले.

स्वीट एक्झॉर्सिस्टचा 'टेस्टोन' जरा जवळून बघा. शेफील्डच्याच कॅबरे व्होल्टेअर या बँडचा रिचर्ड कर्क आणि डीजे पॅरट यांनी तो १९९० साली काढला. स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स' चित्रपटातला आवाज पाच सूर वाजवायला सांगतो आणि पाठोपाठ येतात ते यंत्र तपासायचे कोरडे, टोकदार सूर. ना कॉर्ड, ना गळा. वर एक बारीक 'पिंग', खाली छातीवर बसणारा बेस, आणि मधली जागा जवळपास रिकामी. ती रिकामी जागाच शिकण्यासारखी आहे. आपल्याकडच्या मिरवणुकीच्या मिक्समध्ये प्रत्येक फटीत काहीतरी कोंबलेलं असतं, म्हणून बेस मोठा असूनही खोल वाटत नाही. लीड्सच्या एलएफओचा 'एलएफओ' हा ट्रॅकही असाच आहे, आणि तो १९९०मध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत बाराव्या क्रमांकावर गेला होता. फोर्जमास्टर्सचा 'ट्रॅक विथ नो नेम' मात्र पहिल्यांदा ऐकताना एकसुरी वाटेल. पण सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचं घर यंत्रमागाला लागून आहे त्याला ठाऊक आहे, की एकसारखी खडखड कानावर पडत राहिली की तिच्यातूनच आघात आणि विसावे वेगळे निघायला लागतात. हा ट्रॅक तसा ऐकायचा.

सगळंच टिकलंय असं नाही. काही ट्रॅकमधल्या रेव्ह-वळणाच्या (रात्रभर चालणाऱ्या नाच-पार्ट्यांच्या धाटणीच्या) हाका आज जुनाट वाटतात, ते सरळ पुढे ढकलले तरी चालेल.

आता हायपरडब. ग्लासगोचा स्टीव्ह गुडमन, म्हणजे कोडनाइन, याने आधी याच नावाचं वेब-मासिक चालवलं आणि २००४ साली लंडनमध्ये लेबल काढलं. त्याचं '५' हे संकलन निम्मंच मागे बघतं. पहिल्या डिस्कवर नवीन माल, दुसऱ्या डिस्कवर पाच वर्षांतले निवडक ट्रॅक. गावांचा आवाका तर बघा: लंडनचा बरियल, ब्रिस्टलचा जोकर, टोकियोचा क्वार्टा ३३०, शिवाय अमेरिकेतले लोकही. इथे आवाज एका गावाचा नाही, तो एका माणसाच्या कानाचा आहे. कुठलं काय शेजारी ठेवलं की बोलायला लागतं, याची गुडमनला जबरदस्त जाण आहे. 'नाइन सामुराई'मध्ये तो जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई' या चित्रपटाचं संगीत डबस्टेपच्या, म्हणजे लंडनमधल्या जड बेसच्या नाच-संगीताच्या, धीम्या चालीवर बसवतो. जोकरच्या 'डिजिडिझाइन'मध्ये सिंथचा एक सूर इतका रसाळ वाकतो की मागचे-पुढचे काळोखे ट्रॅक त्याच्यामुळे आणखी काळे वाटतात.

आणि बरियल. 'साउथ लंडन बरोज' २००५चा. त्याने मुलाखतींत सांगितलंय की तो साउंड फोर्ज या साध्या ऑडिओ एडिटरवर काम करायचा, सीक्वेन्सर (ठोके आखलेल्या चौकटीत आपोआप बसवणारं साधन) न वापरता. म्हणजे ठोके त्या चौकटीच्या ग्रिडवर बसवलेले नाहीत, ध्वनिलहरीची आकृती बघून डोळ्यांच्या अंदाजाने ठेवलेले आहेत. म्हणून त्याचा ताल किंचित लंगडतो, आणि त्या लंगडण्यात जीव आहे. वर खरखर, पावसासारखी सळसळ, आणि कुठेतरी लांबून येणारा अर्धवट गळा. एफएलमध्ये सगळं क्वांटाइझ करायची, म्हणजे प्रत्येक ठोका ग्रिडवर नेमका बसवायची, सवय लागलेल्यांनी हा ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐकावा.

व्यवहाराची बाजू वेगाची आणि स्पीकरची. वॉर्पचे ट्रॅक मिनिटाला साधारण १२० ठोक्यांच्या आसपास आहेत, त्यामुळे हाउस वाजवणाऱ्याच्या सेटमध्ये सहज बसतात. हायपरडबचा बराच माल १४०चा, पण स्नेअर (ड्रमचा कडक, तडतडणारा ठोका) चारांपैकी फक्त तिसऱ्या ठोक्यावर असल्याने पाय ७०च्या चालीनेच पडतात. म्हणजे तो आपल्या सेटमध्ये घुसवायला कसब लागतं. मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही ऐकू नका, कारण तो स्पीकर खालचा बेस देतच नाही आणि 'टेस्टोन'ची नुसती टिकटिक उरते. हेडफोनच असेल तर हायपरडब जास्त देईल, कारण बरियलची खरखर आणि दूरचे आवाज कानाजवळच उलगडतात. ओळखीच्या साउंडवाल्याचं गोडाऊन आणि दोन बेस मिळणार असतील, तर वॉर्पला तोड नाही. विनाइलच्या मोहात मात्र पडू नका, पोस्टेज आणि कस्टम्स धरून भाव फार चढतो. वॉर्पची जुनी सीडी सेकंडहँड शोधा, हायपरडबची डिजिटल फाइल घ्या.

वॉर्पची फक्त मोठी नावं हवी असतील तर २००९चं 'वॉर्प २० (चोजन)' आहे. त्यातली एक डिस्क चाहत्यांनी मतदानाने निवडलेल्या ट्रॅकची आहे आणि पहिला नंबर एफेक्स ट्विनच्या 'विंडोलिकर'चा आहे. ऐकायला उत्तम, पण मतदानातून आवडीनिवडी कळतात, लेबल कसं घडलं ते कळत नाही. हायपरडबनेही २०१४ला दहा वर्षांची चार भागांची मालिका काढली. त्यातला '१०.३' हा बहुतांशी ठोक्याविना आहे. तो '५' मुरल्यावर घ्या.

माझा कौल आधी वॉर्पला. स्वतः काही बनवू पाहणाऱ्या सोलापूरच्या पोराला आणखी चार देशांचे प्रभाव नको आहेत, ते फोनवर रोज मिळतातच. एका कामगार वस्तीच्या गावाने, थोडक्या यंत्रांवर, दुसऱ्या कुणासारखं न वाजता काय केलं, त्याचा पुरावा त्याला हवा आहे, आणि तो 'क्लासिक्स'मध्ये आहे. बनवायचं नाही, रात्री शांतपणे ऐकायचंच आहे, त्याने बिनधास्त '५' घ्यावी. ती उघडली की सुरुवात दुसऱ्या डिस्कपासून करा. जुने ट्रॅक कानात बसले की पहिल्या डिस्कवरचा बरियलचा 'फॉस्टरकेअर' आणि डार्कस्टारचा 'एडीज गर्ल इज अ कॉम्प्युटर' कुठून आले ते आपोआप कळतं.