वर्डप्रेसची मीडिया लायब्ररी: वापरानंतरचा अनुभव (आणि फाइलच्या नावातला ‘ऱ’)

होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) बदललं, साइट नव्या सर्व्हरवर आली, पानं झरझर उघडायला लागली. फक्त मधूनच एखाद्या फोटोच्या जागी ब्राउझरची ती फाटक्या चित्राची खूण. बाकीचे फोटो जागच्या जागी, आवाज वाजतायत, व्हिडिओ चालतायत. होस्टिंगवाल्यांना तिकीट टाकलं. उत्तर आलं, कॅशे क्लिअर करा. केली. मग म्हणाले, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. बघितलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी फाइल मॅनेजरचा स्क्रीनशॉट पाठवला: फाइल सर्व्हरवर आहे, आमच्या बाजूनं काही अडचण नाही, तिकीट बंद करतोय.

वैताग असा की फाइल खरंच तिथे होती. त्याच नावाची, त्याच फोल्डरात.

साइट पक्ष्यांची आहे. आम्ही काही जण फोटो, आवाजाची रेकॉर्डिंगं आणि छोट्या क्लिप्स तिच्यावर ठेवतो. सगळं वर्डप्रेसच्या (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) मीडिया लायब्ररीत, म्हणजे चढवलेल्या फाइलींच्या कोठारात, आणि फाइलींची नावं मराठीत, कारण टाकणारे मराठी, शोधणारेही मराठी. गायब फोटोंची यादी काढली तेव्हा दयाळ, नाचण, सुगरण, धोबी सगळे शाबूत. गेलेले कोण? ‘झऱ्याकाठचा-खंड्या’, ‘किनाऱ्यावरचे-बगळे’, ‘दुसऱ्या-दिवशीचं-घरटं’. जिथे नावात ऱ, तिथे फोटो नाही.

ऱ ची भानगड ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे अखंड अक्षर, आणि दुसरी म्हणजे साधा र आणि त्याच्या खाली वेगळा नुक्ता (टिंब). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साठवलेले बाइट वेगळे. लिनक्स सर्व्हर बाइट बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. मॅकवरची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-पद्धत नावं साठवतानाच अशी अक्षरं फोडून ठेवते. माझ्या डेटाबेसमध्ये अखंड ऱ होता आणि नव्या सर्व्हरच्या डिस्कवर फोडलेला. म्हणजे साइट हलवताना मधे कुणाच्या तरी जुन्या मॅकवर झिप उघडली गेली असणार. होस्टिंगवाल्यांनी हे मान्य केलं का? तिकीट बंद होतं.

उपाय मात्र छोटासा निघाला. कन्व्हएमव्ही नावाची एक लिनक्स आज्ञा आहे, ती फाइलींच्या नावांचं युनिकोड एका साच्यात आणून देते. ती आधी नुसती ‘काय काय बदलीन’ एवढंच दाखवते, स्पष्ट सांगितल्याशिवाय कशाला हात लावत नाही. असं शहाणं सॉफ्टवेअर विरळाच. आमच्या प्लॅनमध्ये शेल ॲक्सेस (सर्व्हरवर थेट आज्ञा द्यायची सोय) होता म्हणून बरं, नाहीतर त्यासाठी वरचा प्लॅन घ्या म्हणाले असते आणि मी तो घेतला नसता.

आता मूळ तक्रार, आणि ती होस्टिंगची नाही. ही सगळी नावं इंग्रजी लिपीत करून टाकावीत, म्हणजे पुन्हा हा ताप नको, असं ठरवलं आणि लायब्ररीत गेलो. तिथे कळतं की एकदा फाइल चढली की तिचं नाव बदलायची सोयच नाही. शीर्षक बदला, मथळा बदला, वर्णन बदला, पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठीचं वर्णन) बदला. फाइलचं नाव? ते उजव्या बाजूला बारीक अक्षरांत दिसतं, आणि नुसतं दिसतं. त्याच नावाखाली नवी फाइल बसवायचीही सोय नाही. तोच फोटो जरा उजळ करून पुन्हा टाकला तर नावाला शेपटी लागते, १, मग २, आणि लेखात जुनाच काळवंडलेला पक्षी बसून राहतो.

हे असं का, तेही मला ठाऊक आहे. लेखात फोटो घातला की लेखाच्या मजकुरात त्याचा अख्खा पत्ता लिहिला जातो. नाव बदललं की पत्ता बदलतो, मग ज्या-ज्या लेखात तो आहे ते सगळे शोधून दुरुस्त करावे लागतात. कष्टाचं काम आहे, मान्य. पण संगणक असतो कशासाठी? हे काम करणारी प्लगिनं (वर्डप्रेसला वरून जोडायची सॉफ्टवेअरं) आहेत. म्हणजे ते अशक्य नाही, नुसतं मूळ सॉफ्टवेअरमध्ये घातलेलं नाही. नाव बदलणं ही कुठल्याही फाइलीची पहिली गरज आहे, त्यासाठी मी प्लगिन घालायचं, मग ते अपडेट करत बसायचं, आणि एक दिवस त्याची फुकट आवृत्ती आटली की पैसे भरायचे. नाही. मी बसून मजकूर-बदलाची आज्ञा चालवली. वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-सीएलआयमध्ये (टाइप करून आज्ञा द्यायच्या साधनात) शोधा-आणि-बदलाची सोय आहे. आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या, एवढं सांगून ठेवतो.

मराठी नावांचा आणखी एक जाच. ब्राउझरमध्ये पत्ता छान मराठीत दिसतो, पण कॉपी करून कुणाला पाठवला की टक्क्यांच्या खुणांची मालगाडी होते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला ३ अक्षरं लागतात. काना, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘झऱ्याकाठचा-खंड्या’ यात मधली रेघ सोडून १६ चिन्हं आहेत, त्यांची पत्त्यात १४४ अक्षरं होतात. ईमेलमध्ये असा पत्ता मधेच तुटला की बसा शोधत.

बाकी लायब्ररीबद्दल माझं मत सुरुवातीला जितकं वाईट होतं तितकं राहिलेलं नाही. फोल्डर नाहीत, ही पहिली चिडचिड. सर्व्हरवर वर्ष आणि महिन्याचे फोल्डर असतात, पण ते आपल्या सोयीचे नाहीत. जुन्या लेखात आज नवा फोटो टाकला तर तो आजच्या महिन्यात न जाता त्या लेखाच्या तारखेच्या फोल्डरात जाऊन बसतो. मी फोल्डरचं प्लगिन घालायच्या बेतात होतो. मग हळूहळू लक्षात आलं की शीर्षक आणि मथळा नीट भरला तर शोधपट्टीत ‘खंड्या’ टाकून सगळे खंड्ये समोर येतात, आणि वर्डप्रेसच्या ४.७ आवृत्तीपासून फाइलच्या नावातही शोध लागतो. फोल्डरात ठेवला असता तर खंड्या ‘पाणपक्षी’मध्ये की ‘घरटी’मध्ये, यावर आमच्या गटात भांडणं झाली असती. सध्या फोल्डर नको, हेच बरं.

‘अनअटॅच्ड’ या गाळणीवर मात्र विश्वास ठेवू नका. त्याचा अर्थ ‘न वापरलेलं’ असा नाही. फाइल कुठल्या लेखाला चिकटवून चढवली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. तो फोटो चार लेखांत दिमाखात बसलेला असू शकतो. आणि मीडिया लायब्ररीत मुळात कचरापेटी चालू नसते. ‘कायमचं हटवा’ म्हणजे कायमचंच. कॉन्फिग फाइलीत मीडिया ट्रॅश चालू करायची एक ओळ आहे, ती मी पहिल्या आठवड्यातच घातली. तुम्हीही घाला.

मग जागा. ५.३ आवृत्तीपासून (२०१९) २५६० पिक्सेलांपेक्षा मोठा जेपेग टाकला की त्याची छोटी केलेली प्रत साइटवर वापरली जाते, मूळ फाइल मागे पडून राहते. शिवाय २०४८, १५३६, १०२४, ७६८, ३०० आणि १५० अशा प्रती. ४००० गुणिले ३००० चा एक फोटो टाकला की सर्व्हरवर ८ फाइली, थीमनं (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्यानं) स्वतःची मापं जोडली असतील तर आणखी. मला हे उधळपट्टीचं वाटलं होतं. पण मोबाइलवर साइट उघडून पाहिली तेव्हा ब्राउझर स्वतःच छोटी प्रत उचलतो, डेटा वाचतो, पान लवकर उघडतं, हे दिसलं आणि मी गप्प बसलो. मग होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘आयनोड’चा आकडा लाल झाला आणि मी पुन्हा बोलायला लागलो. शेअर्ड होस्टिंगवर जागेइतकीच फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते, आणि आठाच्या पटीनं ती भराभर संपते. आमच्या थीमला १५३६ आणि २०४८ या प्रतींची गरज नव्हती, त्या चार ओळींच्या कोडनं बंद केल्या. आधी तयार झालेल्या प्रती आपोआप जात नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

पर्यायी मजकुराबद्दल थोडक्यात, कारण यावर चिडून उपयोग नाही. फोटो लेखात घालताना त्या क्षणाचा पर्यायी मजकूर लेखात उतरवला जातो. नंतर लायब्ररीत तो सुधारला तरी लेखात जुनाच राहतो. लेखाचं मुख्य चित्र तेवढं अपवाद, ते लायब्ररीतूनच वाचतं. आमच्यातला एक जण स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो, त्यानं दाखवलं तेव्हा हे कळलं. त्याच्या कानावर ‘डीएससी शून्य शून्य चार’ असं कॅमेऱ्यानं दिलेलं काहीतरी नाव येत होतं.

आता गोड बातमी, आणि ती आवाजाच्या बाजूनं. आमची रेकॉर्डिंगं वेव्ह फाइलींत होतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. साइटसाठी १२८ केबीपीएसचा एमपीथ्री करतो, तो मिनिटाला १ एमबीच्या आत बसतो. एमपीथ्री वरच्या पट्टीतले आवाज कापतो ही तक्रार आमच्या उपयोगापुरती पोकळ आहे, कारण बहुतेक पक्ष्यांचा आवाज १ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपासच असतो. तर अशा एमपीथ्रीमध्ये आयडीथ्री टॅग (फाइलीच्या आतच साठवलेली माहिती) भरले, म्हणजे शीर्षक, रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव, मालिकेचं नाव आणि मुखपृष्ठाचं चित्र, तर लायब्ररी फाइल चढतानाच ते सगळं वाचते. शीर्षक आपोआप भरलं जातं, लांबी दिसते, चित्र बाहेर काढून फाइलीला जोडलं जातं. आणि एका मालिकेतल्या सगळ्या रेकॉर्डिंगांना तेच चित्र असेल तर ती प्रत्येकाची वेगळी प्रत करत नाही, चित्र ओळखते आणि पहिलंच वापरते. फोटोच्या आठ-आठ प्रती करणाऱ्या सॉफ्टवेअरला इथे काटकसर कुठून सुचली कोण जाणे. पण सुचली, आणि मी खूश आहे.

एक अट. टॅग मराठीत असतील तर आयडीथ्रीची दुसरी आवृत्ती वापरा. पहिलीत शीर्षकाला ३० बाइट आणि युनिकोड नाही, त्यात मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. काही टॅग-संपादक गुपचूप दोन्ही लिहितात, तर काही फक्त पहिली, तेव्हा सेटिंग बघून घ्या.

पाचपैकी मार्क द्यायचे तर आवाजाला पाच, फोटोंना साडेतीन. नाव बदलता आलं असतं तर फोटोंना साडेचार दिले असते. एवढ्याशा गोष्टीसाठी एक मार्क कापणं जास्त आहे असं गटातले म्हणतात. कापतोय.

व्हिडिओला दोन. लायब्ररी व्हिडिओ नुसता साठवते. त्याची लहान-मोठ्या दर्जाची रूपांतरं करत नाही, म्हणजे फोटोच्या बाबतीत जी उदारता आहे ती नेमकी इथे गायब. ५ एमबीपीएसची क्लिप मिनिटाला साडेसदतीस एमबी, तीच मोबाइलवाल्यालाही, तीच सगळ्यांना. चढवायची मर्यादा लायब्ररीची नसून पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची) असते (मुळात २ एमबी, होस्टिंगवाले वाढवून देतात), त्यामुळे त्यावरून वर्डप्रेसला शिव्या देऊ नका. एमपीफोर तयार करताना ‘फास्टस्टार्ट’ चालू ठेवा, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका शेवटी न जाता सुरुवातीला येते आणि व्हिडिओ लगेच वाजायला लागतो. आयफोनवर क्लिप चालतच नसेल तर सर्व्हर फाइलचा तुकडा मागितल्यावर तुकडा देतो का ते तपासा, सफारीला ते लागतंच. ५.६ आवृत्तीपासून व्हिडिओ ब्लॉकला व्हीटीटी उपशीर्षकं जोडता येतात, ती मराठीत व्यवस्थित दिसतात. बाकी एका मिनिटावरची क्लिप मी लायब्ररीत टाकत नाही. ती बाहेरच्या व्हिडिओ सेवेवर ठेवतो आणि लेखात तिथून लावतो, जागाही त्यांची आणि रूपांतरंही त्यांची.